बांगड्या हो म्हणाल्या

अगं तू फक्त ऐक. मधे मधे बोलू नकोस. शेवटी मी तुला एक विचारणार आहे, तेव्हा बोल.

दोंडाईच्याला भाईदास कंडक्टर होता बघ, त्याच्या बायकोची गोष्ट. कमलची. अठ्ठ्याऐंशीची थंडी, लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. भाईदास एसटीवर, एक दिवस घरी तर दोन दिवस बाहेर. सासू लग्नाआधीच गेलेली. म्हणजे घरात राहिले कोण? कमल आणि सासरे, तोताराम नाना. आणि रीत अशी, की सुनेनं सासऱ्याशी तोंडावर बोलायचं नाही. पदर कपाळापर्यंत, आवाज बंद. एरवी सासू मधे असते, ती इकडचं तिकडे पोचवते. इथे मधे कोणीच नाही. मग घर चालायचं कसं?

तर बकरीवर! खरंच सांगते. परसात एक बकरी होती, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. कमल चुलीपासून ओरडायची, "टिकले, भाकर तयार शे वं!" की नाना हात धुवायला उठायचे. जेवून झालं की नाना म्हणायचे, "टिकले, आज भाजी झकास शे." आणि कमल आत गालात हसायची. साधं हो-नाही असेल तर बकरीचीही गरज नाही. बांगड्या वाजल्या की हो, नाही वाजल्या की नाही. शेजारची मंदाबाई भिंतीवरून म्हणायची, "तोताराम भाऊ, तुम्हना घरमा एक बकरीच शहाणी शे!"

आता नानांचा जीव कशात, तर परसातल्या मिरच्यांत. बावीस झाडं. बी सासूबाईंनी लग्नात माहेराहून, पाचोऱ्याकडून, लुगड्याच्या गाठीत बांधून आणलेलं. दरवर्षी त्याच मिरच्यांचं बी काढायचं, तेच परत लावायचं. मागच्या वर्षी बी मूठभरच निघालं आणि नानांनी ते सगळंच्या सगळं लावून टाकलं. म्हणजे ही झाडं गेली की सासूबाईंची मिरची संपली. कळलं ना?

त्यातच नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, धुळ्याच्या शिबिरात. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं आधीपासूनच नुसतं धुकं. दहा दिवस वाकायचं नाही, जोरात शिंकायचं नाही, काळजी करायची नाही. नाना खाटेवर पडून टिकलीला सांगायचे, "पट्टी सुटनी का पहिले लाल मिरची दखसू. मंग बाकीनी दुनिया."

दुसऱ्याच दिवशी कमल झाडांना पाणी घालायला गेली आणि किंचाळायचीच राहिली. पानांवर काहीतरी चालत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, काळं, अंगभर बारीक काटे, पाठीवर नारिंगी ठिपके, सहा पाय. थेट सुसर गं, पण नखावर मावेल एवढी! आणि एक नाही, झाडागणिक पाच-सहा. कमलचं माहेर चाळीसगावचं, बाजारपेठेतलं. मिरची तिनं पाटीतच बघितलेली. तिला काय कळणार?

आली पळत. "टिकले! मिरचीवर सुसरीनी पिल्ले शेतस वं! काळी, काटेरी, भगवा ठिपकानी!"

नाना उठून बसले. विचार करून म्हणाले, "टिकले, पान खास का तो?"

आता पान खाताना कमलनं काही बघितलं नव्हतं. "माहीत नाही" हे बांगड्यांनी कसं सांगायचं, असा ती विचार करतेय, तेवढ्यात टिकलीनं मागून तिचा पदर तोंडात धरून ओढला. पदर खाली, कमलचा हात वर, आणि बांगड्या खळ्ळकन वाजल्या!

नाना म्हणाले, "खास? मंग तो दुश्मन. वेची वेची रॉकेलना पानीमा टाक."

कमल तशीच उभी. मी हो म्हटलंच नाही, हे सांगायचं कोणाला? बकरीला? मग तिला वाटलं, नानांनी पन्नास वर्षं मिरची केलीय, त्यांना कळत असेल. खराट्याच्या दोन काड्यांचा चिमटा करून तिनं एकूणएक वेचले. शंभरावर भरले असतील. एक तेवढा पानासकट काडेपेटीत ठेवला. पट्टी सुटल्यावर नानांना दाखवायला, की बघा, एवढे मी मारले.

मग काय झालं माहितीये? चार दिवसांत पानांच्या खाली मावा. हिरव्या उवांसारखा, गच्च. पानं चिकट झाली, मुरडली, शेंडे आखडले. मंदाबाई म्हणाली राख मार, हिनं चुलीतली राख मारली. मावा वाढतच गेला. आणि इकडे नाना रोज सकाळी विचारायचे, "टिकले, मिरच्या चांगल्या शेतस ना?"

कमल दाराआडून बांगड्या वाजवायची. डॉक्टरांनी काळजी करू नका म्हटलंय ना! बांगड्या वाजवायची आणि आत येऊन पदरानं डोळे पुसायची.

नवव्या दिवशी सकाळी तिला काडेपेटी आठवली. तो किडा कधीचा आतल्या बाजूला चिकटून बसला होता, हलेना की डुलेना, तिला वाटलं मेला. उघडते तर काय, टरफल फाटलेलं, आणि शेजारी एक पिवळा, गुळगुळीत, डाळीएवढा जीव. तिनं पेटी खिडकीत ठेवली आणि भांडी घासायला बसली. मधूनमधून उठून बघायची. आधी पिवळ्याचा केशरी झाला. मग त्यावर एकेक काळा ठिपका उमटायला लागला, जसं काही कोणी आतून शाईचं बोट लावतंय. दुपारपर्यंत लालभडक.

अगं, ढालकिडा! शाळेच्या मैदानावर बोटावर चालवायचो तो! तिनं तो हळूच मिरचीच्या पानावर सोडला, आणि त्यानं काय केलं? पान सोड, त्यानं मावा खायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, खातोच आहे. तेव्हा कमलला कळलं. ज्यांना तिनं रॉकेलमध्ये बुडवलं, ती ह्याची पोरं होती. राखण करायला आलेली.

आता बघ. गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? मावा काय, दरवर्षी पडतो. पट्टी सुटल्यावर नाना हळहळले असते आणि विषय संपला असता. पण झाडांना अजून हिरवे शेंडे होते, अजून वेळ होता. आणि हे बकरीला सांगण्यासारखं नव्हतं.

ढालकिडा मुठीत घेऊन ती खाटेजवळ गेली. "नाना."

नाना दचकले. "कोन शे? मंदाबाई?"

"मी शे. कमल." मग एका दमात बोलली. "नाना, त्या दिवशी मी हो म्हटलं नव्हतं. टिकलीनं पदर ओढला, म्हणून बांगड्या वाजल्या. ते पान नाही खात, मावा खातात. मी सगळे मारून टाकले. आणि मिरच्या चांगल्या नाहीत नाना. मी रोज खोटंच वाजवलं."

नाना चाचपडत उठून बसले. मग त्यांनी हात पुढे केला. तिनं किडा तळहातावर सोडला. तो चालत चालत बोटावर चढला, टोकाला जाऊन थांबला. नानांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "गुदगुल्या करस... शेंडावर चढस... ढालकिडा शे ना? व माय! इतला वरीस मोठा दखात, त्याना पोरं कधी वळखात नही." मग म्हणाले, "रडू नको पोरी. मी इचारं तुले आन जबाब लिधा बकरीना. चूक तुनी एकलीनी नही, मनी बी शे. जाय, गावबाहेर झुलालनं वावर शे, तठे ज्वारीमा जाय. कणसंवर बठ्ठा ह्याच शेतस. लहान बी आन, मोठा बी आन."

किडे भरायला भाईदासचा जेवणाचा रिकामा डबा घेऊन कमल पळत सुटली.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. नऊ झाडं गेली होती. तेरा तग धरून होती, आणि त्यावर काळ्या सुसरी जोरात कामाला लागल्या होत्या. एका झाडाला एकच मिरची पिकली होती. नानांनी बोलल्याप्रमाणे आधी तीच बघितली, खूप वेळ, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग वळून म्हणाले, "कमल, आज भाजी काय शे?"

भिंतीवरून मंदाबाई ओरडली, "व माय! सासरा-सून तोंडेतोंड!" आणि दिवेलागणीच्या आत गल्लीभर झालं. अजून सांगतात.

आता बोल. तू असतीस तर काय केलं असतंस? तोंड उघडलं असतंस, की बांगड्याच वाजवल्या असत्यास?