चित्र होईपर्यंत

"बाबा, आधी कॉम्प्युटरवर एखादं चित्र करायला लावा. मशीन जरा तापू दे. प्रोसेसर आणि पंख्यामधला लेप सुकून घट्ट बसलाय. तसाच पंखा ओढला तर त्याच्याबरोबर प्रोसेसरही उपटून यायचा," लेक हातात पेचकस घेऊन म्हणाली.

बाबांनी मुकाट्यानं चित्र लावलं.

गल्लीत त्यांना सगळे नकाशेवाले म्हणत. अजून पायाही न खणलेल्या घरांची रंगीत चित्रं ते कॉम्प्युटरवर करून देत. मशीन म्हणजे नुसती गोगलगाय! एकदा बटण दाबलं की चित्र पुरं व्हायला अर्धी दुपार गेली समजा. लेकीचा दुरुस्तीचाच धंदा. "नवा प्रोसेसर बसवून देते," म्हणून ती वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होती. यांचं एकच पालुपद, "कशाला? चाललंय की!"

आता खरी गोष्ट सांगायची तर घरात बायको अंथरुणाला खिळलेली, आणि बाई मोठी मानी. नवरा नुसता जवळ येऊन बसला की खेकसायची, "अहो, मी काय आत्ताच मरतेय? माझ्यापायी कामाचा खोळंबा नको. उठा!" पण चित्र लावून आला की तिला बोलायला जागाच नसायची. मशीन राबतंय, माणूस रिकामा आहे, मग खोळंबा कसला? ते तिचे पाय चेपायचे, ती शेजारणीच्या नकला करायची. मध्येच विचारायची, "झालं का हो चित्र?"

"नाही अजून."

"काय मेलं ते मशीन तुमचं!" असं म्हणून ती उशीला नीट टेकायची. मशीन रखडतं ते तिलाही हवंच होतं. पण कबूल करेल तर शपथ!

ती गेली. ह्यांना रडू काही आलं नाही. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. कसला खंबीर! आतून पार बधिर झाला होता. मागच्या आठवड्यात लेकीनं पुन्हा विचारलं, तेव्हा ते "बसव" म्हणून मोकळे झाले. नाही म्हणायला आता कारणच उरलं नव्हतं.

"पुरे, तापलं," लेक म्हणाली. चित्र अर्ध्यावरच थांबवून तिनं मशीन बंद केलं. पंखा हलकेच पिळत सोडवला, कापसानं लेप पुसला आणि जुना प्रोसेसर बाबांच्या तळहातावर ठेवला. तो अजून कोमट होता.

"बिचाऱ्यानं फार सोसलं," ती हसून म्हणाली.

नवा बसला. लेप लागला, पंखा चढला, मशीन सुरू झालं.

"आता तेच चित्र लावा बघू. गंमत बघा!"

त्यांनी बटण दाबलं आणि सवयीनं उठून आतल्या खोलीत गेले. खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती. खाटेशेजारची खुर्ची मात्र तिथंच होती. ते तिच्यावर टेकले न टेकले तोच बाहेरून हाक आली, "बाबा, झालंसुद्धा! या ना बघायला!"

पूर्वी तिचे पाय असायचे तिथं, उघड्या फळीवर, त्यांनी हात ठेवला.

"अहो बाबा, ऐकलंत का? झालं चित्र!"

"नाही अजून," ते म्हणाले.