फाटक अडवणारी खुर्ची

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना थोडे हळवे व्हावे, अशी रीत आहे. मीही होईन. पण वय झाले म्हणून राग गिळून बसावे, हे मला पटत नाही. मी चाकांची खुर्ची आहे आणि मला एकोणसाठ वर्षे झाली आहेत.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानात झाला. चाके सायकलवाल्याने दिली, लाकूडकाम सुताराने केले, आणि खरी करामत कोणाची यावरून दोघे माझ्यासमोरच हमरीतुमरीवर आले.

सुतार म्हणाला, "माणूस बसणार लाकडावर, चाकावर नाही."

सायकलवाला म्हणाला, "मग सांग की तुझ्या लाकडाला चालायला!"

बैठकीला वेत विणायला आलेल्या बाईने दोघांची तोंडे बंद केली. "जिच्यासाठी केलीत तिला आधी बसू तर द्या," ती म्हणाली.

जिच्यासाठी केली ती आक्का. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले होते. तेव्हापासून घरचे तिला उचलून ठेवत. सकाळी खिडकीपाशी, दुपारी पलंगावर, पाहुणे आले की आतल्या खोलीत. ठेवली तिथे ती. उचलणारे सगळे मायेचेच होते, पण "कुठे बसतेस?" असे तिला कधी कोणी विचारले नव्हते.

माझ्यात बसल्यावर पहिल्याच दिवशी ती एकटी घराबाहेर पडली आणि शेजारच्या कारखान्यात गेली. तो तिच्या वडिलांचा बटणांचा कारखाना होता. अंतर जेमतेम शंभर पावलांचे, पण परत येईपर्यंत तिचे तळहात सोलवटून निघाले होते. आईने हळद लावायला घेतली, तर ही हसत होती.

वडिलांच्या मागे कारखाना आक्कानेच चालवला. शिंपल्याची बटणे, शिंगाची बटणे, पुढे प्लास्टिकची. एका चिमटीत घेऊन ती सांगायची की याची भोके अर्धा केस सरकली आहेत. माझे डावे चाक कुरकुरायचे. तो आवाज आला की कामगार म्हणायचे, "आली कुरकुर, लागा कामाला." ही माझी निंदा नव्हती, मित्रांनो. हा माझा मान होता.

आता ज्या दिवसामुळे पुढचे सगळे रामायण घडले, तो दिवस सांगते. आक्काच्या धाकट्या भावाने तिला न विचारता कारखान्याची यंत्रे विकून टाकली आणि ती ट्रकवर चढवली. कारखान्याचे फाटक आत उघडायचे. आक्का आली, तिने आतल्या बाजूने माझी पाठ फाटकाला टेकवली, ब्रेक ओढला आणि बसून राहिली. आता आम्हाला हलवल्याशिवाय फाटक उघडणार नव्हते.

भाऊ आधी चिडला, मग गयावया करू लागला. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून कान किटवले. आक्का एवढेच म्हणाली, "मला उचलायला जो येईल त्याला मी चावेन."

कोणी आले नाही. सकाळपासून दिवे लागेपर्यंत आम्ही दोघी तिथे होतो. शेवटी ट्रकवाला कंटाळला आणि भाऊ खाली मान घालून यंत्रे उतरवू लागला. दुसऱ्या दिवशी कारखाना वेळेवर सुरू झाला.

त्या भावाची मुलगी मोठी होऊन लेखिका झाली. तिने आपल्या घराण्याच्या तीन पिढ्यांवर कादंबरी लिहिली. नाव 'बटणघर'. त्यात तिने फाटकाचा दिवस जसाच्या तसा लिहिला, सख्ख्या बापाची चूक झाकली नाही. बाप वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पण पुस्तक असे खपले की आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. अनोळखी माणसे घरी येऊन विचारू लागली, "हीच का ती खुर्ची?" एका मास्तरीणबाईंनी तर मला वाकून नमस्कार केला. आक्का म्हणाली, "बाई, तिला नका फुगवू, आधीच कुरकुरते." तेव्हा आक्का पंच्याहत्तर वर्षांची होती आणि कारखाना दुसऱ्यांच्या हाती देऊन घरी बसली होती. ते माझे सुखाचे दिवस.

मग टीव्हीवाले आले. कादंबरीवर सहा भागांची मालिका काढायची ठरली. लेखिकेने सही केली. कथेत हवे ते बदल करण्याची मुभा त्यांना आहे, असे त्या कागदावर लिहिलेले होते. भाचीने ते वाचले होते. आत्याला सांगितले नव्हते.

ती घरी येऊन एवढेच म्हणाली, "आत्या, एका दिवसासाठी खुर्ची हवीय त्यांना. तूही चल ना, फोटो काढायचेत."

"खुर्ची आली म्हणजे मी आलेच," आक्का म्हणाली. "मी काय तिच्याशिवाय हवेत तरंगते?"

चित्रीकरणाच्या मोठ्या शेडमध्ये त्यांनी कारखाना उभा केला होता. भिंती प्लायवुडच्या, यंत्रे पोकळ. आक्काने सगळे निरखून पाहिले आणि फाटकाशी थांबली. तिथे दिग्दर्शक उभे होते.

"हे बाहेर उघडतंय," ती म्हणाली. "आमचं आत उघडायचं. मग मी अडवलं कसं?"

"आजी, आपल्या गोष्टीत तुम्ही अडवत नाही," दिग्दर्शक गोड हसून म्हणाले. "भाऊ घर सोडून निघालाय. त्याला थांबवायला बहीण खुर्चीतून उठते, तीन पावलं चालते आणि त्याच्या मिठीत कोसळते. लोक ढसाढसा रडतील बघा."

आक्काने भाचीकडे पाहिले. भाची म्हणाली, "आत्या, मी नंतर सांगते तुला," आणि पत्रकार वाट पाहत होते म्हणून दुसऱ्या खोलीत निघून गेली.

तेवढ्यात दोन तगडी माणसे आली. एकाने आक्काच्या उजव्या काखेत हात घातला, दुसऱ्याने डाव्या. "पाचच मिनिटं हं, आजी," असे म्हणून त्यांनी तिला माझ्यातून उचलले आणि दिव्यांच्या स्टँडमागे प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवले. होय, ठेवले. वस्तू ठेवतात तसे. एकोणसाठ वर्षांत माझ्या देखत तिला असे कोणी उचलले नव्हते, आणि मला दात नव्हते म्हणून ते दोघे वाचले.

माझेही धिंडवडे निघाले. आक्काने मला आयुष्यभर तेलपाणी करून लखलखीत ठेवले होते. "ही जुनी वाटतच नाही," असे म्हणून एका बाईने माझ्या हातांवर काजळी फासली. ब्रेक मध्येच दिसतो म्हणून तो स्क्रू काढून वेगळा केला. खरी जुनी खुर्ची आणायची आणि मग तिला खोटी जुनी करायची! या शहाणपणाला काय म्हणावे?

नायिका येऊन बसली. ती बसत होती, उठत होती, तीन पावले चालत होती, कोसळत होती. पहिल्यांदा अश्रू उशिरा आले. दुसऱ्यांदा भावाची टोपी पडली. तिसऱ्यांदा दिवा गेला. पाच मिनिटांचे तीन तास झाले.

दिव्यांमागून आक्काची हाक मला ऐकू येत होती.

"अहो, माझी खुर्ची द्या."

"शूऽऽ, शॉट चालू आहे."

"मला बाथरूमला जायचंय."

"झालंच, आजी. एवढा एक."

तिने चार वेळा हाक मारली. मी मोजत होते. शेडमध्ये साठ-सत्तर माणसे होती. त्यांतली बरीचशी 'बटणघर' वाचून रडलेली असणार. एकाचाही पाय तिकडे वळला नाही. भर उजेडात मी उभी होते, तिच्यापासून वीस पावलांवर, आणि स्वतःच्या चाकांवर स्वतः चालू शकत नव्हते. मित्रांनो, खुर्ची असण्याचे दुःख मला त्या दिवशी कळले.

मग नायिका पुन्हा उठली, तीन पावले चालली, आणि अचानक थांबली. दिव्यांच्या मागून, जाडजूड वायरी ओलांडत, आक्का येत होती. हातांच्या जोरावर, जमिनीवरून. तिची साडी धुळीने माखली होती. केस सुटले होते. ती कोणाकडेही बघत नव्हती, फक्त माझ्याकडे बघत होती.

"कट करू नका!" दिग्दर्शक कुजबुजले. "कॅमेरा चालू ठेवा!"

आक्का माझ्यापाशी पोहोचली. तिने माझा हात धरून स्वतःला वर खेचले, आणि ब्रेक नव्हता म्हणून मी मागे सरकले. तिने पुन्हा धरले. मी पुन्हा सरकले. तेव्हा नायिका धावत आली, माझ्यामागे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "कुठे धरू?"

सबंध दिवसात विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"दोन्ही चाकं धर, घट्ट," आक्का म्हणाली. नायिकेने धरली, आणि आक्का आपल्या बळावर माझ्यात चढून बसली.

दिग्दर्शक टाळ्या वाजवत आले. "अप्रतिम! आजी, काय खरं आलंय हे! हेच ठेवतो आपण."

"मी माझी खुर्ची घ्यायला आले होते," आक्का म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "तुमचं काम करायला नाही. पुसून टाका ते, आत्ता, माझ्यासमोर."

ते काहीतरी समजावू लागले. तेव्हा कॅमेरामननेच मान खाली घालून ते पुसून टाकले. नायिकेने आक्काला बाथरूमपर्यंत नेले. दोघी परत आल्या तोवर भाचीही धावत आली होती आणि रडत होती. आक्काने तिला जवळ घेतले नाही.

"पुस्तकात खरं लिहिलंस तेव्हा बापाला भ्यायली नाहीस," ती म्हणाली. "आज कुणाला भ्यायलीस?"

 भाची तडक दिग्दर्शकांकडे गेली आणि तो प्रसंग बदला म्हणून भांडली. त्यांनी सही केलेला कागद पुढे केला. तेव्हा तिने सांगितले, "मग माझं नाव काढा." नाव निघाले. प्रसंग राहिला.

मालिका लागली. नायिका उठली, तीन पावले चालली, कोसळली, आणि लोक खरोखरच ढसाढसा रडले. शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "अगबाई आक्का, तुम्ही मधे चालायला लागला होतात? बोलला नाहीत कधी!" मला वाटले, चाक काढून फेकून मारावे. एवढी मोठी कादंबरी, सहा भागांची मालिका, आणि माझी आक्का तिच्याच गल्लीत खोटी ठरली.

भाची अजून येते. आक्का तिला जेवायला वाढते, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. ते कधी निवळेल ते मला माहीत नाही.

परवा काकूंची नात आली. आठ वर्षांची आहे. तिने माझ्या चाकाला हात लावला आणि विचारले, "आजी, तुम्ही खरंच उठला होतात?"

"नाही गं. बसूनच अडवला ट्रक."

"मग टीव्हीत का उठवलं?"

 आक्का म्हणाली, "बसलेली बाई जिंकते, हे त्यांना दाखवता येईना."

पोरीने विचार केला. "मला येईल दाखवता," असे म्हणून तिने पाटी पुढे ओढली आणि एक फाटक काढले. ट्रक पाटीएवढा मोठा झाला. आक्का फारच लहान झाली. पण ती बसलेली होती.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. चाकांच्या खुर्चीत बसलेला माणूस दिसला, तर मदतीला जरूर जा. पण हात लावण्याआधी त्याला विचारा. आणि त्याची गोष्ट सांगायची झाली, तर तो जसा बसला आहे तसाच सांगा. त्याला उठवून उभे करू नका. तो तुमच्यासाठी बसलेला नाही.