हिमरू कुरतडणारी कात्री

मी एक जुनी कात्री आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, तो का आला हे नीट ऐका, कारण उद्या माझ्यासारखीच एखादी कात्री तुमच्याही हातात येईल.

माझं पातं मेरठला घडलं. मूठ पितळेची. तिथून मी खुलताबादच्या शफीक टेलरांच्या दुकानात आले. शेरवानी शिवावी तर त्यांनीच, असं लोक म्हणत. त्यांच्याकडे दोन कात्र्या होत्या. कागदाचे नमुने कापायला एक मोडकी आणि कापडाला मी. कागद कापला की कापड कापायची धार जाते. ते शिकाऊ पोरांना बजावायचे, "हिला कागदाची हवासुद्धा लागू देऊ नका."

त्यांच्यानंतर त्यांची मुलगी मेहरुन्निसा मला संभाजीनगरच्या आपल्या घरी घेऊन आली. ती माझ्या स्क्रूला तेलाचा थेंब घालते, मला मऊ फडक्यात गुंडाळते. माझी हेळसांड तिने कधीच केली नाही.

गेल्या वर्षी कॉलनीतल्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी गोधडीचा वर्ग सुरू झाला. शिकवायला तनुजा मॅडम. सगळ्यांनी मिळून एकच मोठी गोधडी शिवायची, तीही नव्या धाटणीची. करडी मोकळी जमीन आणि तिच्यात मोजकेच रंगीत चौकोन. करमाडहून मुलाकडे राहायला आलेल्या द्वारकाबाई नमुना पाहून म्हणाल्या, "एवढी जागा मोकळी? प्लॉटिंग करायचंय का काय?" सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. मलाही तिथे करमू लागलं होतं.

एक चौकोन असा हवा होता की नजर तिथेच जावी. मेहरुन्निसाने घरून हिमरूचा तुकडा आणला. सूत आणि रेशमात विणलेलं, वेलबुट्टीचं हे कापड. तिच्या निकाहाला अब्बांनी नवरदेवाची शेरवानी शिवली होती. कापली होती मी. त्यातून उरलेला हा एवढाच तुकडा. त्यातून जेमतेम एक चौकोन निघणार होता. चुकलं तर दुसरा तुकडा नव्हता.

ती नमाजासाठी घरी गेली आणि मला टेबलावर ठेवून गेली. तेवढ्यात प्रेरणाला चौकोन आखायचे साचे कापायचे होते. ही कॉलेजात शिकणारी, हाताला चलाख मुलगी. साच्यांसाठी तिने आजोबांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे आणला होता. हॉलची कात्री बोथट, म्हणून तिने मला उचललं. ही मेहरुन्निसाची आहे, असं कुणीतरी म्हणालंही. एक मिनिटाचं तर काम आहे, असं सांगून तिने गुडघा कापायला घेतला. पाठोपाठ द्वारकाबाईंनी कापसाच्या गठ्ठ्याची नायलॉनची दोरी माझ्या तोंडात दिली. मी ती तोडू शकले नाही. माझ्या पात्याला खाच पडलेली दोघींनी पाहिली. मग त्यांनी मला पूर्वीसारखंच फडक्यात गुंडाळून ठेवलं. मित्रांनो, त्या एक्स-रेपेक्षा मला या नीट गुंडाळण्याचा राग जास्त आहे.

मेहरुन्निसा परत आली. तिने हिमरूवर खडूने सावकाश रेघ ओढली. सगळ्या बघत होत्या आणि कुणी काही बोललं नाही. मी अर्ध्यावर आले आणि कापड माझ्या खाचेत अडकलं. मी ते कापलं नाही, कुरतडलं. रेशमाचे धागे ओढले गेले आणि वेलाचं एक पान उसवलं.

तिने मला उजेडात धरलं. पात्याला फिल्मचा निळसर कपटा चिकटला होता.

"माझ्या कात्रीनं काय कापलं?"

"चाची, एक्स-रे. थोडासाच," प्रेरणा पुटपुटली.

"अगं भाभी, कात्रीच ती. धार लावून आणू की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"धार लागंल, मावशी. हे कापड कुठून आणू?" मग ती सगळ्यांकडे वळली. "कापलं त्याचं मला एवढं नाय. मी खडू फिरवत होते, तवा तुम्ही बघत होत्या."

फाटलेली कड शिवणीत दडवता येईल, असं मॅडम सुचवू लागल्या. मेहरुन्निसाने तुकडा उचलला, मला उचललं आणि ती घरी निघून गेली.

दोन दिवसांनी प्रेरणा दारात आली. मला धार लावून आणते, असं म्हणाली. मेहरुन्निसाने तिला बसवलं, चहा दिला. मग सुई-दोरा आणि हिमरू तिच्यासमोर ठेवलं. सुटलेला एकेक धागा पकडून कड पक्की करायची होती. जरा ओढ बसली की धागा आणखी निसटे. दुपार कलली तरी निम्मी कड बाकी होती. प्रेरणा रोज येत राहिली. तिची बोटं टोचून लाल झाली. मला तिची दया आली नाही. खोटं कशाला सांगू?

ते हिमरू आता गोधडीत आहे, पण ते चौकोनी नाही. एका बाजूने खाल्लेलं, आखूड आणि तिरकं आहे. पाहणाऱ्यांना ती मुद्दाम केलेली रचना वाटते. ते वाहवा करतात, तेव्हा प्रेरणा मान खाली घालते.

मेहरुन्निसा पुन्हा वर्गाला जाते, सगळ्यांशी बोलते, मला मात्र घरीच ठेवते. मला धार लागली आहे. खाच थोडी उरली आहे.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू विचारून घ्या आणि ती ज्या कामाची असेल तेच काम तिला द्या. एवढं करूनही चूक होईलच, ती सगळ्यांकडून होते. झाली तर वस्तू गुंडाळून ठेवू नका. समोरचा माणूस खडू फिरवत असतानाच तोंड उघडा. रेघ हाताने पुसता येते.