अकरा दारं आणि बारावं

अंबिकाचं तोंड फटकळ, हे लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला स्वतःला सगळ्यांहून जास्त. मावससासूच्या दहाव्याला ती भर माणसांत "सुटल्या एकदाच्या" म्हणून बसली होती. तेव्हापासून दुःखाच्या घरी गेली की ती ओठ शिवून बसायची. कालिंदीकाकींचे यजमान सीताराम गेले, तेव्हाही तिने पिठलंभाताचा डबा दारात ठेवला आणि आल्या पावली परत फिरली.

त्याला आता दीड महिना झाला. मजल्यावर नळ एकच आणि पाणी पहाटे पाच ते सहाच्या मध्ये कधीतरी यायचं, त्याच्या मर्जीने. इतकी वर्षं पाणी आलं की काकी अकरा दारांवर थापा मारत जायच्या, "उठा गो, पाणी इला!" म्हणत. आता ते बंद होतं. मजल्याने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. झोपलेला माणूस मेसेज वाचणार कसा, हे कोणाही शहाण्याला सुचलं नाही. दोनदा अख्खा मजला कोरडा राहिला. एरवी काकींच्या दाराबाहेरची कळशी कोणीतरी गुपचूप भरून ठेवायचं, तेही चवड्यांवर चालत. काकींना बाहेर यायचं कारणच उरलं नव्हतं.

त्या पहाटे पाणी यायच्या आधीच काकींची कळशी उचलताना अंबिकाला दाराच्या फटीतून उजेड दिसला. आत जा, असं मनाने म्हटलं. आणि बोलू काय, तिने मनाला विचारलं. ती नळापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी कळशी खाली ठेवून तिने बोटाने दार वाजवलं.

काकींनी लगेच दार उघडलं. त्या टक्क जाग्या होत्या.

"काकी, तुमच्यामुळे लोक बिनआंघोळीचे ऑफिसला जातायत. उठवायला कधी येणार?" अंबिका बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

काकींचे डोळे भरले. "मी कुठे उठवायची गो? ऐकणारे ते होते. पाण्याआधी नळ फुसफुसतो ना, तो त्यांना अंथरुणात ऐकू यायचा. ते मला हलवायचे, मग मी आपली दारं बडवायची. आता कोण हलवणार?"

हे मजल्यावर कोणालाच माहीत नव्हतं. अंबिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळून जावं असं वाटत असताना ती मटकन उंबऱ्यातच बसली.

"मला काय बोलायचं ते कळत नाही, काकी. पण बसते थोडी."

काकीही टेकल्या. मग अंबिका सांगू लागली की नळ उघडा टाकला म्हणून सीतारामकाकांनी तिला, नव्या नवरीला, कसं झापलं होतं, आणि संध्याकाळी तिच्याच नवऱ्याच्या हातात जिलब्यांचा पुडा कसा ठेवला होता. काकींच्या ओठांवर जरा हसू आलं. तेवढ्यात त्यांनी एकदम हात वर केला.

"गप!"

परत चुकलं वाटतं काहीतरी, अंबिकाला वाटलं.

"येतंय," काकी म्हणाल्या.

अंबिकाला काही ऐकू आलं नाही. क्षणभराने नळ खाकरला आणि धार पडली.

"मला ऐकू आलं गो," म्हणत काकींनी पदर तोंडाला लावला आणि त्या हमसून रडू लागल्या.

"काकी, रडा नंतर. पाणी पाऊण तासच असतं," अंबिका म्हणाली. या वेळी तिने जीभ चावली नाही.

काकी उठल्या. पलीकडच्या टोकापासून त्यांनी सुरुवात केली. कड्या वाजल्या, बादल्या वाजल्या, कोणीतरी झोपेतच "आलो, आलो" म्हणालं. अंबिकाच्या दारावरही त्यांनी धाडकन थाप मारली.

"अहो, मी इथे आहे की!"

"असू दे. एकही दार चुकवायचं नाही, ते म्हणायचे."

अकरा झाली. बारावं दार काकींचं. त्याच्यावर आजवर कोणी थाप मारली नव्हती, आणि दीड महिना तर सगळे त्याला बिचकूनच होते. अंबिकाने तळहात उचलला आणि ते दार दणाणून सोडलं.

"कालिंदीकाकी, पाणी आलं!"

नळापाशी कळशी लावत काकी ओरडल्या, "आले गो, आले!"