आसरांचं बेट

पैनगंगेतली तीन बेटं करून यायची, हे तुळसाबाईनं माघातच मनाशी ठरवलं होतं. पण नवऱ्यापुढं तोंड उघडायला तिला चैत्र उजाडावा लागला.

"सारं अनसिंग गाव करून आलं, आपूनच राह्यलो," पुंजाजी जेवायला बसला असताना ती म्हणाली. "हिरीबाई आन् सोमलाभाऊबी येतो म्हनतात. बंडी त्यायची, एक बैल त्यायचा, एक आपला. पीठ, तिखट, कांदे घरचेच. कायचा खरच?"

पुंजाजीनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाला, "आक्काले घेजो संगं. म्हातारीनं एकडावबी केली नाई."

एवढ्या सहज तो हो म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. तिचा हात चुलीपाशी थांबला.

माघापासून नदी आटू लागली की पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडत आणि चैत्रात तीन बेटांची वाट मोकळी होई. पहिल्यावर महादेवाची पिंड, दुसऱ्यावर पिराची चादर, तिसऱ्यावर साती आसरांचे शेंदूर फासलेले सात गोटे. ज्याला लांबचं तीर्थ झेपत नसे तो बंडी जुंपून वाळूतून, गुडघाभर पाण्यातून एकेक बेट करत जाई आणि तिसऱ्यावर नारळ फोडून परत फिरे. पलीकडचा काठ मोगलाईचा. तिकडचे भोई लोक पात्रातच डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे लावत, खोप्या बांधून चार महिने वाळूवर राहत.

अशाच एका खोपीत गोजरा होती.

गोजरा पुंजाजी-तुळसाबाईची एकुलती लेक. अठराव्या वर्षी तिचा नवरा पटकीनं गेला आणि ती धनजच्या सासरहून माहेरी परत आली. पाटाचं लग्न लावून देऊ म्हणून पुंजाजीनं दोन-चार ठिकाणी शब्द टाकला होता. पण अनसिंगच्या बाजाराला डांगरं घेऊन येणारा परजातीचा इंद्रभान भोई तिच्या मनात भरला आणि एका बाजाराच्या दिवशी ती त्याच्यामागं निघून गेली. त्याला आता तीन उन्हाळे झाले होते. पुंजाजीनं डोकं भादरलं, आंघोळ केली आणि जित्या लेकीचं तेरावं घातलं. भाऊबंद जेवून गेले. तो स्वयंपाक तुळसाबाईनं स्वतःच्या हातानं केला होता. त्या दिवसापासून घरात गोजराचं नाव कोणी काढलं नव्हतं.

माघात हिरीबाई तुळसाबाईला विहिरीवर भेटली. हिरीबाई तांड्यावरची, सोमलाची बायको. दोघींची पंधरा वर्षांची मैत्री. मोगलाईतल्या भावाच्या तांड्यावरून ती नुकतीच आली होती.

"पाह्यली म्या तिले," हिरीबाई हळूच म्हणाली. "आसरांच्या बेटाजोळ वाडी हाये त्यायची. पयलं लेकरू गेलं तिचं, तुळसाबाई. वाळूवरच बाळंत झाली, जोळ बाईमानूस नाई. आता पुन्हा दिवस हायेत. बयसाखात होईन."

तुळसाबाईनं भरलेली घागर तशीच विहिरीच्या काठावर ठेवली. घरी आल्यावर पाणी कुठंय म्हणून आक्कानं विचारलं तेव्हा तिला आठवलं.

बंडी पहाटे निघाली. सोमलाचा लाख्या आणि पुंजाजीचा कोसा अशी जोडी. आक्का म्हणजे प्रयागबाई, पुंजाजीची मोठी बहीण, बालविधवा, सत्तरीला टेकलेली. ती बंडीत मधोमध गोधडीवर बसली आणि दर खड्ड्याला सोमलाला शिव्या देत राहिली.

"हळू हाक ना बे! नारळ फोडाले नेऊन राह्यला का माहं टकुरं?"

सोमला हसायचा. पुंजाजीही हसला. नदीकाठी मुक्काम झाला, सकाळी पाण्यात बंडी घातली, पहिल्या बेटावर महादेवाला पाणी वाहिलं. पुंजाजी धोतर खोचून पाण्यात उतरला आणि लहान पोरासारखा ओंजळींनी पाणी उडवू लागला. दुसऱ्या बेटावर पिराला गूळ वाहून सगळ्यांनी चिंचेच्या सावलीत भाकरी सोडल्या.

"असं बाहीर पडलं का जीव मोकळा होते," तो सोमलाला म्हणाला. "तीन वर्सं झाले, म्या शिवाराच्या बाहीर पाय नाई टाकला. बरं केलं इनं, काढलं मले."

तुळसाबाईनं हातातली भाकर खाली ठेवली. हा माणूस असा मोकळा हसलेला तिनं कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता, आणि आपण त्याला कुठं घेऊन चाललोय हे फक्त तिला आणि हिरीबाईला ठाऊक होतं. हिरीबाईनं तिच्याकडं बघितलं आणि नजर भाकरीकडं वळवली. अजूनही परत फिरता आलं असतं. डोकं दुखतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. तुळसाबाईनं उरल्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि बंडीत चढली.

तिसऱ्या बेटाकडं जाताना चाकोरी वरच्या अंगाला मोठा वळसा घेऊन जात होती. ऊन डोक्यावर आलं होतं. समोर, पाण्याच्या बारीक धारेपलीकडं, वेलांचे हिरवे पट्टे दिसत होते, त्यांच्या कडेला दोन खोप्या, आणि एका खोपीपुढं कोणीतरी बाई वाकून काही करत होती. कोण ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. तुळसाबाईला तेवढंही पुरलं.

"सरळ घाला ना, सोमलाभाऊ," ती म्हणाली. "कायले एवढा फेरा? वाळू तं कोरडीच दिसते."

"चाकोरी तिकून हाये, वहिनी."

"आक्का उन्हानं सुकून राह्यली. घाला सरळ."

सोमलानं पुंजाजीकडं बघितलं. पुंजाजीनं मान हलवली. बंडी सरळ निघाली.

पन्नास-साठ पावलांवर कोसा एकदम पुढच्या पायांवर खाली गेला. ती रुपण होती, वरून कोरडी दिसणारी, आतून पाण्यानं फुगलेली वाळू. लाख्या अजून घट्ट जागेवर होता, त्यानं मागं ओढ घेतली, जू वाकडं झालं. कोसा धडपडला तसा आणखी खोल गेला.

"उतरा! समदे मांगून उतरा!" सोमला ओरडला.

हिरीबाईनं आक्काला अक्षरशः उचलून खाली घेतलं. सोमलानं लाख्याचं जोतं, जुवाचा गळपट्टा, सोडून त्याला मागं ओढला. पुंजाजी मात्र पुढं धावला. कोश्याच्या गळ्यातलं जोतं ताणून बसलं होतं, बैलाचे डोळे बाहेर आले होते. त्यानं कमरेच्या विळ्यानं जोतं कापलं, आणि वळायला गेला तर त्याचा पाय निघेना. दुसरा पाय टेकवला, तोही गेला. बघता बघता तो कमरेपर्यंत वाळूत होता.

"हलू नोका!" सोमला किंचाळला. "भाऊ, हलू नोका!"

तुळसाबाई त्याच्याकडं धावली. हिरीबाईनं तिला पदराला धरून मागं खेचलं. मग तुळसाबाई वाडीकडं तोंड करून ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. हिरीबाई सांगायची, तू गोजराच्याच नावानं हाक मारली होती.

तिकडून दोघं धावत आले. पुढच्यानं खोपीची ताटीच उपसून डोक्यावर घेतली होती, मागच्याच्या हातात दोर होता. पुढचा इंद्रभान. त्यानं ताटी वाळूवर आडवी टाकली, तिच्यावर पालथा पडला आणि सरपटत पुंजाजीपर्यंत गेला.

"मामा, आंग मांगं टाका. पाठीवर पडा. मी हाये."

पुंजाजीनं त्याला ओळखलं. तुळसाबाईला ते लांबूनही कळलं, कारण त्यानं पुढं आलेला हात धरला नाही. छातीला वाळू लागली तरी धरला नाही.

"मामा, बैल राहू द्या, राग राहू द्या. हात द्या."

"पुंज्या!" मागून आक्का ओरडली. "धर बे त्याचा हात! मले जाळाले कोन राहीन?"

तेव्हा त्यानं हात दिला. दोराला सोमला आणि दुसरा भोई लागले, आणि कितीतरी वेळानं पुंजाजी ताटीवर ओढला गेला. धोतर वाळूतच राहिलं. इंद्रभाननं डोक्याचा पटका सोडून त्याच्या अंगावर टाकला.

कोश्यालाही त्यांनी बाहेर काढलं, पण ओढताना त्याचा पुढचा पाय मोडला आणि नाका-तोंडात वाळू-पाणी गेलं. तो कुशीवर पडून राहिला, उठला नाही. दिवस कलायच्या आत गेला. पुंजाजी त्याच्या मानेवर हात ठेवून बसला होता.

गोजरा आली ती याच वेळी. पोट पुढं आलेलं, तोंड उन्हानं काळवंडलेलं, हातात पाण्याचा लोटा. आईकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. बापापुढं लोटा धरला. पुंजाजीनं मान फिरवली. ती तशीच उभी राहिली. मग आक्कानं हात लांब केला.

"आन इकडे. मले तान लागली."

"आक्का!" पुंजाजी म्हणाला.

"काय आक्का? पान्यानं काय केलं कोनाचं?" आणि म्हातारीनं लोटा तोंडाला लावून अर्धा रिकामा केला. तेराव्याचं जेवण घातलंच पाहिजे म्हणून हट्ट धरणारी हीच म्हातारी होती.

पुंजाजी आता बायकोकडं बघत होता.

"तुले माहीत व्हतं."

"हाव."

"म्हून बेटं करू म्हने."

"हाव," तुळसाबाई म्हणाली. मेलेल्या बैलाकडं बघायची तिची छाती होत नव्हती.

ती लेकीच्या मागं खोपीकडं गेली. गोजरा दाराशी थांबली, आत ये म्हणाली नाही.

"कायले आली?"

"तुले पाहाले."

"मी तं मेली ना?" गोजराचा आवाज चढला नव्हता. "बाजारात सांगतलं मले बायायनं. तेरा दिस धरले म्हने. पुऱ्या केल्त्या. तू रांधलं व्हतं ना, माय?"

"म्याच रांधलं."

"बाप मर्द मानूस, त्याचं समजते मले. तुहे हात कसे चालले वं?"

तुळसाबाईला तो दिवस लख्ख आठवला. पुऱ्या तळताना तेल उडून मनगट भाजलं होतं आणि त्या जळण्याचं तिला बरंच वाटलं होतं. पण हे सांगून काय मिळणार होतं? ती एवढंच म्हणाली, "चालले. चालाले नोको व्हते, पन चालले."

गोजरा रडली नाही. थोड्या वेळानं ती खोपीत गेली आणि कण्या निवडायला बसली. तुळसाबाई दाराबाहेरच वाळूवर बसून राहिली.

परत जायचं तर दुसरा बैल हवा होता. इंद्रभाननं आपला रेडा आणून उभा केला. "अनसिंगपावतर न्या. मंग तांड्यावरून कोनी आनून देईन."

"त्याचं जनावर नोको," पुंजाजी म्हणाला.

"बंडी माही हाये, भाऊ," सोमला शांतपणे म्हणाला, "आन् आक्का पायी चालू नाई शकत." त्यानं रेडा जुंपला. पुंजाजी बंडीत बसला नाही. इंद्रभानचा पटका लुंगीसारखा नेसून तो बाजूला उभा राहिला.

आक्का चढली. हिरीबाई चढली. तुळसाबाई जागची हलली नाही.

"चाल," पुंजाजी म्हणाला.

"तिचं होईस्तोवर राह्यतो मी."

"काय?"

"पयलं गेलं तिचं. जोळ कोनी नव्हतं. मी राह्यतो."

"तुले घरात कोन घेईन मंग? पंच इचारतीन तं काय सांगू मी?"

"सांगजा, थे बी मेली म्हना." हे बोलल्यावर ती स्वतःच दचकली. पुंजाजीचा चेहरा उतरला. "तसं नाई म्हनत मी," ती घाईनं म्हणाली. "मी येतो. पावसाच्या आंधी येतो. पन आता नाई."

त्यानं पटक्याची गाठ आवळली. मग वळला आणि बंडीच्या मागं पायी चालू लागला, चाकोरीनं, वरच्या अंगाच्या लांब वळशानं. तुळसाबाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

पहिले आठ दिवस गोजरा तिच्याशी कामापुरतं बोलली. तुळसाबाई बाहेर निजे, वेलांना पाणी घाली, इंद्रभानची भाकरी थापी. वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी पोट दुखू लागलं. लेकरू पायाळू होतं. तुळसाबाईनं आपल्या सासूच्या हाताखाली असली दोन बाळंतपणं पाहिली होती, तेवढ्याच आधारावर ती बसली. दिवस मावळताना मुलगी झाली. ओरडायला तिनं वेळ लावला, पण ओरडली. गोजरानं आईचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. "जाऊ नोको वं," एवढंच ती म्हणाली.

पण जावं लागलं. ज्येष्ठात भोई वाड्या मोडून वरच्या काठाला निघाले आणि हिरीबाई न्यायला आली.

अनसिंगला पोचली तर पुंजाजीनं दार लावलं नव्हतं, पण तिची भांडी आणि गोधडी गोठ्यात नेऊन ठेवली होती. पंचांनी तसंच ठरवलं होतं, एक साल वेगळं राहायचं. तुळसाबाईनं गोठ्याच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडली. तिसऱ्या दिवशी आक्का काठी टेकत आली, आपलं ताट घेऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "वाढ." त्यानंतर ती रोज तिथंच जेवू लागली. भाऊबंद कुरकुरले, पण म्हातारीला कोण बोलणार?

पुंजाजी घरात एकटा, स्वतःच्या हातानं करून खायचा. तिच्याशी बोलायचा नाही. पेरण्या झाल्या, निंदण झालं. ती मजुरासारखी त्याच्या शेतात जायची आणि पिकाच्या वेगळ्या तासाला, ओळीला, लागायची.

पोळा झाल्यावर एका सकाळी तो गोठ्याच्या दाराशी आला. आत आला नाही. चौकटीवर हात ठेवून, बाहेर बघत त्यानं विचारलं, "दोघी जित्या हायेत ना?"

"हायेत," ती म्हणाली. "पोरगी तुमच्यावानी कपाळाची हाये."

त्यानं मान हलवली, खांद्यावर विळा टाकला आणि शेताकडं निघून गेला. तुळसाबाईनं चूल पेटवली आणि आक्काच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.