जरा हलणारी खोली

“माझं नाव तेवढं काढून टाका,” केवळाबाई म्हणाल्या आणि पदराच्या टोकानं माझ्या टेबलावरची धूळ पुसायला लागल्या. सहल आठवड्यावर आलेली, त्यात ती धूळही माझ्याच टेबलावरची. मला दोन्हींचा राग आला.

मी म्हटलं, “मावशी, ही काय बालाजीची गाडी आहे का, एक उतरला की दुसरा बसवायला? जहाज आहे. नावानिशी जागा असते.”

“मग ह्यांना एकट्याला पाठवा. ह्यांना सांगा, जहाजवाल्यांनीच बाईचं नाव काढलं म्हणून.”

‘हे’ म्हणजे शेषेराव. किल्लारीचे, आयुष्यभर एस.टी.वर ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, तेव्हा एक दिवस लातूरला माझ्या ऑफिसात आले आणि म्हणाले, आता असं वाहन दाखवा ज्याचं टायर पंक्चर होत नाही. मी नुकताच औसा रोडवरच्या ऑफिसबाहेर जहाजाच्या सहलीचा बोर्ड लावला होता. मुंबईहून गोवा, गोव्याहून मुंबई, मधे सगळा समुद्र. शेषेरावांनी दोन नावं तिथल्या तिथं लिहून दिली. सहल पक्की करणारे ते पहिले, म्हणून मला त्यांचं जरा जास्तच कौतुक.

सहलीआधी सगळ्यांना बोलावून मी माहिती सांगितली होती. आमच्याकडे यात्रा म्हटलं की गाडीच्या टपावर शेगडी, कढई, पिठाचे डबे आणि एक आचारी, हे ठरलेलं. तेव्हा पहिला प्रश्न तोच आला, शेगडी कुठं ठेवायची. मी सांगितलं, शेगडी नाही, पाणी तापवायचं भांडं नाही, घरचा डबासुद्धा नाही. जेवण जहाजावरच, आणि ते इतकं असतं की धपाट्यांची आठवण यायला फुरसत मिळणार नाही. हे ऐकून दोन बायका रुसल्याच. मग सांगितलं की, मुंबईला एक दिवस आधी पोचायचं, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. मोठ्या बॅगा आपल्यापासून काढून घेतात आणि संध्याकाळपर्यंत खोलीत आणून ठेवतात, म्हणून औषधं, आधार कार्ड आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवायचा. समुद्रात शिरलं की मोबाइलचं नेट बंद करायचं, नाहीतर बिल बघून घेरी येईल. घेरीवरून आठवलं म्हणून पुढचं सांगितलं. ज्यांना गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, आणि खोली घ्यायची ती खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध. तिथं सगळ्यात कमी हलतं.

शेषेराव मागच्या रांगेतून म्हणाले होते की एस.टी.चंही असंच, मधल्या शिटावर पोटातलं पाणी हलत नाही. त्यांना खालचा मजला हाच हवा होता. किल्लारीची माणसं लॉजवरही खालची खोली मागतात, हे मला माहीत होतं. का मागतात तेही माहीत होतं, पण ते मी तेवढ्यावरच सोडून दिलेलं. सगळ्या म्हाताऱ्या मंडळींना मी तशाच खोल्या घेतल्या आणि स्वतःवर खूश झाले.

आणि आता या बाई माझं टेबल पुसत होत्या.

मी चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर त्या बोलल्या. एवढी वर्षं झाली, पण घरात झोप लागत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात, त्या पहाटे, घराचं मातीचं माळवद खाली आलं. केवळाबाईंना उजाडल्यावर दार तोडून काढलं, सासूबाई आतच राहिल्या. नवं किल्लारी वसलं, सरकारी घर मिळालं, भक्कम स्लॅबचं, पण त्यात धान्य झोपतं. केवळाबाई अंगणात, पत्र्याच्या मांडवाखाली. पाऊस असो की थंडी.

“दार होतं की वो ताई,” त्या म्हणाल्या. “पण उघडंना. तवापासून दार लावलं की माझा डोळा लागत न्हाई. रात्रभर बसून राहते. पोरीचं पुण्याला आठव्या मजल्यावर घर हाय. सकाळी जाते, नातवंडं बघते, रातच्या गाडीनं माघारी येते. पोरगी रडते. मी काय करू?”

“काकांना माहीत नाही का हे?”

“त्यांना वाटतंय, समुद्रावर गेलं की बाई सगळं इसरंल. लई हौसेनं सांगून राहिले गावभर. मी तिथं डोळे उघडे ठेवून बसले तर त्यांची हौस मातीत जाईल. त्यापेक्षा त्यांनी एकट्यानं जावं.”

मी मुंबईच्या बुकिंगवाल्यांना फोन लावला, बाल्कनीवाली खोली आहे का विचारलं. बाल्कनीच्या खोल्या कधीच भरलेल्या. खिडकीच्या होत्या, पण त्या खिडक्या उघडत नाहीत. मग मी ठरवलं की शेषेरावांशी आपणच बोलावं, यांच्याच्यानं ते होणार नाही. ऑफिसला कुलूप लावलं आणि केवळाबाईंबरोबर किल्लारीच्या गाडीत चढले.

गाडी निम्मी रिकामी होती. मी पुढं खिडकीशी बसायला गेले, तर केवळाबाई सरळ मागच्या लांबड्या शिटाकडे निघाल्या. आमच्या रस्त्यावर मागच्या शिटावर कोण बसतं? ज्याला दुसरी जागाच मिळत नाही तो. मी नाइलाजानं त्यांच्या शेजारी बसले आणि दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. औसा यायच्या आत केवळाबाई झोपल्या.

साध्या नाही, गाढ झोपल्या. गाडीचं दार लावलेलं, काचा बंद, खाली इंजिनाची घरघर, खड्ड्यात माझं डोकं दोनदा छताला लागलं, आणि या बाईंच्या चेहऱ्यावर लहान पोरीसारखी झोप. औशाला गाडी थांबली तशा त्या दचकून उठल्या. हात पुढच्या शिटावर, डोळे दाराकडे. गाडी सुरू झाली, पुन्हा झोपल्या. लामजन्याला थांबली, पुन्हा जाग्या.

मी विचारलं, “मावशी, इथं कशी झोप लागते? दार तर इथंही बंदच आहे.”

त्यांनी जरा विचार केला. बहुतेक हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

“गाडीचं कामच हाय हलायचं,” त्या म्हणाल्या. “घराचं न्हाई. घर गप उभं ऱ्हातंय तवा मला भ्याव वाटतंय, कवा हलंल म्हणून.”

मला तिथंच हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी सगळ्यांना शहाणपणानं सांगत होते, मधली खोली घ्या, तिथं हलत नाही. या बाईंसाठी मी जहाजभरातली सगळ्यात वाईट खोली घेऊन ठेवली होती.

किल्लारीला पोचलो तेव्हा शेषेराव अंगणात नवीन बॅगेला रंगीत दोरी बांधत होते, गर्दीत ओळखू यावी म्हणून. ही सूचनाही माझीच. मांडवाखाली दोन बाजा शेजारी शेजारी होत्या. मी विचारलं, काका, तुम्हीपण बाहेरच? ते म्हणाले, मला काही भीती नाही, मी त्या रात्री ड्युटीवर होतो, सोलापूरला मुक्कामी. पण ही बाहेर आणि मी आत, हे काही बरं दिसत नाही. एवढंच सांगून ते पुन्हा दोरी बांधायला लागले. मी जे बोलायला आले होते ते बोलायचं राहूनच गेलं.

तिथूनच मी मुंबईला फोन लावला. म्हटलं, अमुक नावाची मधली खोली रद्द करा आणि मला सगळ्यात शेवटची द्या, अगदी मागच्या टोकाची. पलीकडची पोरगी गोंधळली. म्हणाली, मॅडम, तिथं खाली इंजिनचा आवाज येतो, समुद्र खवळला तर फार हलतं, लोक ती बदलून मागतात. मी म्हटलं, आमच्या बाईंना तशीच हवी आहे. ती म्हणाली, मग ती रिकामीच आहे.

केवळाबाई ऐकत होत्या. संध्याकाळी मी निघताना त्यांनी मला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली आणि हळूच सांगितलं की नाव राहू द्या. पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता, माझ्या समाधानासाठी हो म्हणाल्यासारखं होतं ते.

मुंबईच्या लॉजवरची रात्र त्यांनी दारातल्या बाकावर काढली. शेषेराव शेजारी, मांडीवर बॅग घेऊन. सकाळी मी दोघांचे लाल डोळे बघितले. इंजिनाच्या घरघरीवर आणि एस.टी.तल्या झोपेवर भरवसा ठेवून मी एका बाईला समुद्रात न्यायला निघाले होते. झोप नाहीच लागली तर तिथून रातची गाडी पकडून माघारी यायची सोय नव्हती.

बंदरावर गेलो आणि जहाज बघून आमची सगळी मंडळी गप्प झाली. एवढी गप्प मी त्यांना कुठल्या देवळातही बघितलेली नाही. तपासणीत एकीच्या साडीच्या घडीतून धपाटी निघाली, दुसरीच्या शालीतून लोणचं निघालं, आणि मी दुसरीकडे बघत उभी राहिले. वर गेल्यावर सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून उभं केलं आणि संकटात काय करायचं ते शिकवलं. केवळाबाई पहिल्या रांगेत होत्या. दार कुठं, जिना कुठं, होडी कुठं, सगळं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. शिकवणारा पोरगा म्हणाला, आजवर इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

जहाज सुटलं. किनारा मागं गेला, इमारती बारक्या झाल्या. केवळाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. आमचं लातूर म्हणजे एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव. त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, “एवढं पाणी, अन् तांब्याभर प्यायच्या कामाचं न्हाई.” आणि मनापासून हसल्या. मी त्यांना इतकं हसताना पहिल्यांदा बघितलं. शेषेराव मात्र हसत नव्हते. त्यांचा रंग उतरला होता. आयुष्यभर घाटातून गाडी काढणारा माणूस, पण स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात गेल्यावर पोट ऐकेना. गोळी घेतली का विचारलं, तर म्हणाले, ड्रायव्हरला कधी गाडी लागते का.

दुपारी जेवणं झाली. आमच्या बायका थाळ्या भरभरून घेत होत्या आणि शेगडीची आठवण कुणालाच नव्हती. चार वाजता वरच्या मजल्यावर गाणी सुरू झाली. एरवी एकमेकांच्या अंगणातली फुलंसुद्धा न तोडणाऱ्या दोन शेजारणी हात धरून नाचत होत्या. मी मंडळी मोजली तर केवळाबाई आणि शेषेराव दिसेनात. नाश्त्याच्या टेबलावर नाहीत, कठड्याशी नाहीत. मी घाबरले. कुठंतरी कोपऱ्यात बसल्या असतील डोळे उघडे ठेवून, आणि शेजारी हे. मी जिने उतरत अगदी मागच्या टोकाला गेले.

तिथं पायाखाली खरंच घरघर होती. जहाज मागून उचललं जात होतं आणि खाली येत होतं, भिंतीला हात लावूनच चालावं लागत होतं. बोळाच्या शेवटी, खोलीच्या दाराबाहेर, गालिच्यावर शेषेराव बसले होते. चेहरा हिरवा, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, चपला शेजारी नीट लावून ठेवलेल्या. पुढं खोली साफ करणारा पोरगा टॉवेल घेऊन उभा होता, आणि शेषेराव त्याला हातानं जा म्हणत होते.

मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

“काका, काय झालं? आत जाऊन पडा ना.”

“कसं जाऊ? आतून कडी लावलीय.”



“कुणी?”

“हिनं.” ते कुजबुजले. “मला वकारी आली म्हणून मी जरा बाहेर आलो. माघारी येतो तर दार लागलेलं. कान लावला. घोरून राहिलीय, ताई.”

मी दाराला कान लावला. इंजिनाच्या घरघरीत एक दुसरी घरघर होती, संथ, बिनघोर. त्या टॉवेलवाल्या पोराला काही कळलं नाही, पण तोही आवाज न करता निघून गेला.

मी म्हटलं, गोळी आहे का जवळ? गोळ्या आत होत्या, हातातल्या पिशवीत, मीच सांगितल्याप्रमाणे. म्हटलं, मी दार वाजवते, एक मिनिटाचं काम आहे. त्यांनी माझा हात धरला. बोटं गार पडली होती, पण धरलं घट्ट.

“वाजवू नका. इतकी वर्षं दोघं बाहेर झोपलो,” ते म्हणाले. “आज मी एकटाच बाहेर हाय.”

आणि हिरव्या चेहऱ्यानं हसले. मी माझ्या पर्समधली गोळी काढून त्यांना दिली. ती त्यांनी पाण्याशिवायच गिळली आणि डोकं दाराला टेकून बसले. वर गाण्याचा आवाज वाढला होता, मला शोधत असतील, चहाची वेळ झाली होती. मी चपला काढून त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि तिथंच खाली बसले.