खिशातला चष्मा आणि निळा अंगठा

मी सुपडू आबांचा चष्मा बोलतोय. तुम्ही मला ओळखता. तुमच्याही घरात कुणीतरी आत्ता मला कपाळावर चढवून घरभर शोधत असेल.

माझा जन्म धुळ्याच्या आग्रा रोडवर झाला. काचा नव्या, जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या, फ्रेम सेलमधली. आबा नरडाण्याच्या एका पाइप कारखान्यात स्टोअर सांभाळतात. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात राहतो, तंबाखूच्या पुडीला खेटून. नाकावर बसायचा मान क्वचितच. चष्म्याने माणूस म्हातारा दिसतो म्हणे. टक्कल जणू कुणाला दिसतच नाही!

फेसबुकही आबा बिनचष्म्याचंच बघतात. वाढदिवस असो की दहावा, निळा अंगठा दाबून मोकळे. पण त्या रविवारी त्यांनी मला बाहेर काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं आणि लेकीची पोस्ट वाचली. दिपमाला धुळ्याला कॉलेजात शिकते. तिने लिहिलं होतं, ‘गावात प्रचाराच्या गाड्या रोज येतात, कॉलेजच्या वेळेची एसटी येत नाही. यंदा भाऊसाहेबांना मत नाही.’ आबांनी ते दोनदा वाचलं, मिशीत हसले आणि अंगठा दाबला. माझ्यादेखत.

भाऊसाहेब म्हणजे इथले आमदार, कारखान्याच्या मालकांचे जिवलग. सोमवारीच मॅनेजर योगराज साहेबांनी आबांना बोलावलं.

"आबा, इथे राजकारण चालत नाही, माहीत आहे ना?" साहेबांच्या डोक्यामागे कॅलेंडरवर भाऊसाहेब हसत होते.

"कसलं राजकारन, साहेब? माले चष्म्याबिगर काही दिसत नही. चुकीसन दबाई गयं."

खिशातल्या खिशात मी गार पडलो. आबा, मी नाकावर होतो ना!

"नोकरी पाहिजे ना? मग काढा ते लाइक. नको, द्या इकडे, मीच काढतो." साहेबांनी फोन घेतला, डोळे बारीक केले. हे केस रंगवतात, चष्मा मात्र घालत नाहीत. "जरा तुमचा चष्मा द्या."

माझा नंबर त्यांच्या डोळ्यांना कुठला मानवायला! अक्षरं पोहू लागली, बोट घसरलं. दिपमालाच्या पोस्टवरचा अंगठा जागच्या जागी राहिला आणि खाली, फीत कापणाऱ्या भाऊसाहेबांच्या फोटोवर दुसरा उमटला.

साहेबांनी मला घाईने उतरवलं. चूक झाली म्हणायची कशी? त्यांनी घसा खाकरला. "हे बघा, दोन्हीकडे अंगठा. म्हणजे तुम्ही निःपक्ष! जा कामाला."

नोकरी वाचली. आबा शीळ घालत घरी आले. दारातच दिपमाला उभी.

"आबा, भाऊसाहेबांना लाइक? एवढे घाबरलात?"

"ते साहेबनी दाबं, बेटा."

"आणि माझ्या पोस्टवरचं?"

"ते बी चुकीसन दबाई गयं, असं सांगं मी त्याले." आबांना वाटलं, पोरगी आता शाबासकी देईल.

"म्हणजे तुम्ही माझं वाचलंच नाही."

ही वडीलधारी माणसं! मुलींना हौसेने शिकवतात, आणि मुली लिहायला लागल्या की यांचा चष्मा हरवतो.

आबांनी मला काढलं, पुसलं, नाकावर ठेवलं. आधी भाऊसाहेबांच्या फोटोवरचा अंगठा काढला. मग लेकीच्या पोस्टखाली आपल्या अहिराणीत एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘वाचं. चष्मा लाईसन वाचं.’

"आबा, उद्या साहेब वाचतील हे."

"वाचू दे. पन मना चष्मा त्याले देत नही आते."

आज सकाळी आबा कामावर निघालेत. साहेबांचा फोन येऊन गेलाय. मी खिशात नाही, नाकावर आहे. समोर कारखान्याचं फाटक अगदी स्वच्छ दिसतंय. चष्मा नव्हता म्हणायची सोय आता राहिली नाही.

आबा, एकच विनंती आहे. आत गेल्यावर घाम तेवढा फुटू देऊ नका. काचांवर धुकं धरतं.